फुंकर मारायची नाही

"तुमचं डोकं मोकळं आहे का?"

परवाना कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसलो होतो, माझा नंबर कधी लागतो त्याची वाट बघत. वर बघितलं. पांढरा ॲप्रन, ॲप्रनच्या खिशात कंगवे, कपाळावर घाम. आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगतो, कारण तेव्हा ते माझ्या डोळ्यांत बघतच नव्हते. ती माझ्या केसांकडे बघत होती. भाजीची जुडी घेताना बायका उलटीपालटी करून बघतात ना, तसं.

"म्हणजे?"

"म्हणजे केस. कापायचेत का?"

"आत्ता?"

"आत्ता. फुकट. दाढीसकट." मग एका दमात म्हणाली, "आत माझी परीक्षा आहे. प्रत्येकाने आपापलं माणूस आणायचं असतं, ज्याचे केस कापायचे ते. माझा आतेभाऊ आला होता. त्याने माझा वस्तरा बघितला, पाणी पिऊन येतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच."

"मग मी का नाही पळायचं?"

"तुम्ही अजून वस्तरा बघितला नाहीये."

मी उठलो.

मी तिथे चावीवाल्याचा परवाना काढायला गेलो होतो. आमच्या धंद्यात गंमत अशी आहे की तुम्हाला कुठलंही कुलूप उघडता येतं हे सिद्ध करावं लागतं, आणि तुम्ही कुठलंही कुलूप उघडत नाही हेही सिद्ध करावं लागतं. पहिलं मला जमलं होतं. दुसऱ्यासाठी चार नंबरच्या खिडकीतला कारकून मला रोज नवा कागद आणायला सांगायचा. कारकुनाचे केस कानावर आले होते, मिशी ओठावर आली होती, आणि तोंडात एकच वाक्य — "उद्या या."

त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे. उद्या तर उद्या.

आत मोठा हॉल. ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक घाबरलेला माणूस, प्रत्येकाच्या मागे एक त्याहून घाबरलेला माणूस. समोर परीक्षक. चष्मा कपाळावर, हातात पेन, आवाज असा की भिंतीवरची पाल पण सरळ उभी राहील.

"केशकर्तन व श्मश्रू व्यवसाय परवाना परीक्षा! सुरू करा!"

श्मश्रू म्हणजे दाढी, हे मला त्या दिवशी कळलं.

तिने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. केसांवर पाण्याचा फवारा मारला. गार पाणी कानामागून मानेत उतरलं आणि मी शहारलो.

"हलू नका हो," ती कानाजवळ पुटपुटली.

"मी नाही हलत. पाणी हलतंय."

"बोलू पण नका."

कात्री चालायला लागली. मी आजवर दहा-पंधरा ठिकाणी केस कापलेत. पण अशी कात्री... चिक् चिक् चिक्, जरा थांबायची, परत चिक् चिक्. विचार करून बोलणाऱ्या माणसासारखी. तिची बोटं कपाळावर यायची, डोकं हळूच डावीकडे वळवायची, जायची. मी डोळे मिटून घेतले. मग फेस आला, उबदार. मग वस्तरा.

"श्वास हळू घ्या," ती म्हणाली.

"हळूच घेतोय."

"मग घेऊच नका जरा वेळ."

खरं सांगू, तसाही नव्हता येत. ती समोरून वाकली होती, जीभ दाताखाली धरलेली, आणि तेव्हा मी तिचे डोळे बघितले. कामात बुडालेले. पापणीसुद्धा लवत नव्हती. माझ्या गालाकडे एवढं मन लावून आजवर कुणी बघितलं नव्हतं, माझ्या आईनेसुद्धा नाही.

एक ओरखडा नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या हनुवटीवर तीन ठिकाणी कापूस चिकटवला होता. मी आरशात बघितलं तर मीच मला ओळखेना. परीक्षक मागे येऊन उभे राहिले. मान वाकडी करून बघितलं, कानामागे बघितलं, कल्ले सारखे आहेत का ते बघितलं. "हं," म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे इतरांची शाबासकी असावी.

ती कापड सोडायला लागली. मानेवर बारीक केस होते. आणि तिने... वाकून... हळूच...

फुंकर मारली.

मानेवरून एक गार झुळूक गेली. एवढीशी. आणि माझ्या आत कुठेतरी खटका पडला. कुलूपवाला आहे मी, खटका पडला की मला कळतं.

"फुंकर!!" परीक्षक ओरडले.

सगळा हॉल थांबला.

"गिऱ्हाईकाच्या अंगावर तोंडाची वाफ? ब्रश कशाला दिलाय? स्वच्छतेच्या नियमात पहिलंच वाक्य काय आहे? — फुंकर मारायची नाही! नापास. पुढच्या परीक्षेला या."

बाहेर जिन्यात ती पायरीवर बसली होती. डबा मांडीवर, कंगवे डब्यात. मी शेजारच्या पायरीवर बसलो.

"सॉरी," म्हटलं.

"तुम्ही कशाला सॉरी? फुंकर मी मारली."

"हो, पण मान माझी होती."

ती रडता रडता हसली. हसली ती हसली, मग परत रडली, मग नाक पुसून सगळं सांगितलं. तिच्या बाबांचं दुकान होतं, एक खुर्ची, एक आरसा. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून गिऱ्हाईकं तीच बघायची. मग तपासणीला माणूस आला. म्हणाला, परवाना बापाचा आणि कात्री पोरीच्या हातात, हे चालणार नाही. खुर्चीमागे उभं राहणाऱ्याच्याच नावावर परवाना पाहिजे. पुढच्या परीक्षेपर्यंत मुदत. नाहीतर शटरला सील.

"आणि फुंकर?" मी विचारलं.

"बाबांकडूनच शिकले ना. आमच्याकडे फुंकरीशिवाय काम पुरं झाल्यासारखंच वाटत नाही. हात आपोआप थांबतो आणि तोंड आपोआप..." तिने गाल फुगवले आणि स्वतःच स्वतःच्या तोंडावर चापट मारली. "जन्माची खोड आहे. कशी जाणार?"

"सराव करून जाईल."

"कुणावर? आतेभाऊ तर गाव सोडून गेलाय."

मी घसा साफ केला. "माझी मान... तशी मोकळीच असते. सकाळची."

तिने माझ्याकडे बघितलं. या वेळी केसांकडे नाही.

"दुकान उघडायच्या आधी या," ती म्हणाली. "आणि डोक्याला आता कात्री लावायची नाही, परीक्षेला केस पाहिजेत. फक्त मान आणि दाढी."

"रोज?"

"दाढी रोज येते का?"

"आणतो ना," मी म्हटलं.

*

तिचे बाबा — सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची — दाराजवळच्या स्टुलावर बसलेले असायचे. हात मांडीखाली दाबून. दोन दिवसांनी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू काय करतोस?"

"चाव्या बनवतो. कुलपं दुरुस्त करतो."

"परवाना आहे?"

"कालच मिळाला."

"मग बस." म्हणजे आमच्यात निदान एक तरी कायदेशीर माणूस आला, असा त्यांचा सूर.

त्या दिवसापासून माझं नाव कुलूप. "काय कुलूप, चहा?" "कुलूप, जरा तो पंखा लाव." आणि ती मागून, "बाबा, त्यांना काम सांगू नका, मान हलते."

सरावाची पद्धत अशी होती. ती दाढी करायची, मान साफ करायची, शेवटी ब्रश घ्यायचा. ब्रशच्या आधी फुंकर आली की मी ओरडायचं — "नापास!"

पहिल्या आठवड्यात मी रोज ओरडलो. फक्त जरा उशिरा ओरडायचो. फुंकर पूर्ण मानेवरून जाऊ द्यायचो, या कानापासून त्या कानापर्यंत, आणि मग...

"नापास."

"एवढा वेळ काय करत होता?" तिने एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं.

"खात्री करत होतो. फुंकर आहे की वारा आहे."

"खिडकी बंद आहे."

"म्हणूनच वेळ लागला."

आरशात ती ओठ चावून हसू दाबत होती. मला दिसत होतं. आरशासमोर बसवलेल्या माणसापासून काय लपणार?

शेवटी उस्तादांनीच उपाय काढला. "तोंडात पाणी धर," ते म्हणाले. "फुंकलीस तर फजिती. आपोआप बंद होईल."

मग सुरू झाली खरी मजा. तिच्या तोंडात पाणी, गाल फुगलेले, बोलता येत नाही. आणि मी मोकळा!

"आज फार शांत शांत वाटतंय दुकानात."

"ऊं!"

"काय? पैसे नकोत? असं कसं, तुम्ही फारच मोठ्या मनाच्या."

"ऊंऊं!"

"मी देखणा आहे? अहो, काहीतरीच... उस्ताद, ऐकलंत का, काय म्हणतायत त्या?"

फुर्रर्र! सगळं पाणी आरशावर, माझ्यावर, फेसावर. ती पोट धरून खाली बसली. उस्ताद स्टुलावर खो खो हसत होते, मांडीखालचे हात बाहेर काढून डोळे पुसत होते. "अरे मेल्या!" ती म्हणाली, टॉवेलने माझं तोंड खसाखसा पुसत. "वस्तरा हातात असता तर?"

मेल्या. म्हणजे तुम्हीवरून आम्ही एकदम मेल्यावर आलो. मला तर स्वर्गच.

पाण्याने काम केलं. हळूहळू फुंकर कमी झाली. तिचा हात थांबायचा, गाल जरा हलायचे, आणि मग ब्रश यायचा. मऊ, कोरडा, बिचारा ब्रश. उस्ताद टाळी वाजवायचे. मी पण वाजवायचो. आणि मनात म्हणायचो — गेली रे बाबा, गेली.

परीक्षेच्या आदल्या सकाळी तिच्या तोंडात पाणी होतं. उस्ताद चहा आणायला गेले होते. बाहेर कुणीतरी शटर वर करत होतं, सायकलच्या घंट्या वाजत होत्या. ती माझ्या कानामागे वस्तरा फिरवत होती, एकदम हलक्या हाताने. मला वाटलं, आत्ताच बोलावं. तिला उत्तर देता येणार नाही, म्हणजे नाही पण म्हणता येणार नाही.

"उद्या तू पास होशील," मी म्हटलं. "मग मला सकाळी यायला काही कारण उरणार नाही. आणि मला... मला यायचं असेल तर?"

वस्तरा थांबला. घट् — पाणी गिळल्याचा आवाज आला.

"काय म्हणालास?"

माझी चावी तिथेच तुटली.

"काही नाही. म्हटलं... उजवा कल्ला जरा वर गेलाय."

तिने उजवा कल्ला बघितला. डावा बघितला. मग आरशातून मला बघितलं, बराच वेळ.

"सरळ आहे कल्ला," म्हणाली. आणि सतरंजी झाडतात तशी ब्रशने मान झाडली.

*

परीक्षेला मी जंगल घेऊन गेलो. दोन महिन्यांचे केस. आई म्हणाली होती, "कुणाच्या नवसाचे वाढवलेस का?"

तोच हॉल, तेच परीक्षक. माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, फवारा मारला, तिने कात्री उचलली. तेवढ्यात परीक्षक खुर्चीपाशी आले.

"थांबा. या वेळेपासून नवीन नियम आहे. मॉडेल नात्यातलं चालणार नाही. मागे एकाने काका आणला होता. गाल कापला तरी काका हूं नाही की चूं नाही. तेव्हा सगळ्यांना विचारायचंय." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. "हे तुमचे कोण?"

"कोणी नाही," मी पटकन म्हणालो. तिचं दुकान होतं हो पणाला, दुसरं काय बोलणार? "काही संबंध नाही साहेब. साधी ओळख."

"ठीक." ते पुढच्या खुर्चीकडे वळले.

कात्रीचा आवाज येईना. मी आरशात बघितलं. ती कंगवा धरून उभी होती, माझ्या ओल्या केसांत बोटं तशीच अडकलेली.

"साहेब," ती म्हणाली.

"हं?"

"कोणी नाही... असं नाहीये."

"अगं, काय बोलतेस?" मी कापडाखालून तिला कोपराने ढोसलं. "दुकान..."

"तू गप्प बस. हलू नकोस." मग परीक्षकांना, "हा चालणार नाही साहेब. नियमात बसत नाही."

"नात्यातला आहे?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे... होईल. असं मला वाटतं." तिचे कान लाल झाले होते. "त्याला विचारलं नाहीये."

सगळ्या हॉलच्या कात्र्या थांबल्या. एकाच्या गालावर फेस तसाच सुकत होता. परीक्षकांनी पेन काढलं, परत खिशात ठेवलं, परत काढलं.

"अहो, मग विचारा! मला काहीतरी एक लिहावं लागेल ना!"

तिने खुर्ची फिरवली. मी असा समोर... डोक्यातून पाणी गळतंय, गळ्यात पांढरं कापड, त्यात हात गुंडाळलेले.

"काय रे?" ती म्हणाली. एवढंच.

"हो," मी म्हटलं. "हो, हो. केव्हाचा हो."

"एकदा पुरे," परीक्षक म्हणाले. "उठा. खुर्ची रिकामी करा. आणि बाई, पंधरा मिनिटांत दुसरं डोकं आणा, नाहीतर अनुपस्थित लिहीन."

आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद आणि हाकलपट्टी, दोन्ही मला एका वाक्यात मिळाली. गळ्यात कापड तसंच, मी बाहेर पळालो. बाकावर बघितलं — एक आजी, एक टक्कल, एक शाळेतली मुलगी. जिन्यात कुणी नाही. दुसऱ्या बाजूला चार नंबरची खिडकी. जेवणाची सुट्टी, आत कारकून डबा बंद करत होता. कानावरचे केस आता खांद्याकडे निघाले होते.

"साहेब! डोकं पाहिजे!"

"खिडकी बंद आहे. उद्या या."

"उद्या नाही चालणार! साहेब, तिचं दुकान जाईल. तिने आत्ता खरं बोलून मला घालवलं. तिला माझ्यामुळे..." मी गळ्यातलं कापड काचेपाशी धरलं. "फुकट आहे. दाढीसकट."

त्याने मला बघितलं. गळ्यातलं कापड बघितलं. काचेत स्वतःला बघितलं.

"मिशीला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"नाही लावणार!"

"चला."

मी दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिलो. चिक् चिक् चिक्. कारकुनाचे कान दिसायला लागले. त्याला कान होते! दाढी झाली. तुरटी झाली. परीक्षक मागे येऊन उभे. तिने कापड सोडलं. कारकुनाच्या मानेवर भुरभुर केस...

तिचा हात थांबला. गाल हलले.

बाहेर मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

तिने वर बघितलं, काचेकडे. एक मोठ्ठा आवंढा गिळला. आणि ब्रश उचलला.

परीक्षकांनी बघितलं. मान, कान, कल्ले. कारकुनाने मिशी चाचपून बघितली.

"हं," परीक्षक म्हणाले. मग जरा थांबून, "पास."

*

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सरकारी ऑफिसात, सरकारी माणसासमोर हो म्हणालास? मग आता मोडायचं म्हटलं तरी अर्ज करावा लागेल." आणि लगेच कपाटातली चांगली साडी काढून उस्तादांना भेटायला निघाली.

परवाना आला त्या दिवशी उस्तादांनी तो आरशाच्या वर लावला. हात थरथरत होते म्हणून खिळा मी धरला, हातोडी तिने मारली. बाहेर बाकावर गर्दी. शटर सील होणार असं ऐकलेली सगळी गल्ली आली होती, कुणी केस कापायला, कुणी नुसतं बघायला.

मी खुर्चीत बसायला गेलो. दोन महिन्यांचं जंगल, परीक्षेत नुसतं ओलं होऊन परत आलेलं. पहिला नंबर माझाच, असं मी धरून चाललो होतो.

"ए कुलूप," उस्तादांनी दंड धरला. "कुठे? आमच्याकडे घरच्यांचा नंबर शेवटी असतो. धंद्याचा नियम आहे."

"उस्ताद, मला कुठे माहीत होतं?"

"आता माहीत झालं. तिकडे सरक."

मी बाकाच्या टोकाला सरकलो. ती आरशातून बघून हसली आणि पहिल्या गिऱ्हाईकाला कापड बांधलं. एक झाला, दुसरा झाला. ऊन बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला गेलं. माझं सगळं दुकान बंद पडलं होतं, चार कुलपं दुरुस्तीला पडून होती, आणि मला एकाचीही आठवण येत नव्हती. मधूनमधून ती आरशात बघायची. मी पण बघायचो. कात्री जरा अडखळायची, परत चालायची.

एक काका आले, घाईत. माझ्या डोक्याकडे बघून बिचकले.

"तुमचा नंबर दिसतोय," म्हणाले. "बसा, बसा, तुमची गरज मोठी आहे."

"नाही काका, तुम्ही बसा," मी म्हटलं. "मी घरचा आहे."